पाडव्याआधी पायऱ्या

"सोडा की!"

"तुमी सोडा. मी आधी धरलोय."

"मी आधी बघितलोय!"

उद्यमनगरच्या मागं एक भंगाराचं दुकान आहे. जुन्या खिडक्या, गंजके पंखे, मोडके पलंग... आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध, भर दुपारी, एका लोखंडी कठड्याची दोन टोकं धरून आम्ही उभे होतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो.

आम्हा कोल्हापूरच्या पोरींचं बोलणं असंच — आलो, गेलो, बघितलो. परगावचे लोक ऐकून हसतात. हा हसला नाही... म्हणजे इथलाच होता.

कठडा होता मात्र भांडण्यासारखा. कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातून आलेला. खाली लोखंडाचे साधे सरळ गज आणि वर सागवानी गोल दांडा, किती हातांनी गुळगुळीत केलेला कुणास ठाऊक. मी तो मुठीत धरून पाहिला होता. बोटं पार वळून अंगठ्याला टेकत होती. मला हवा होता तो हाच.

"एवढं कशाला पाहिजे तुमाला?" त्यानं विचारलं. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि केसांत लाकडाचा भुसा. तोंड भांडत होतं, डोळे मात्र भांडत नव्हते.

"आधी तुमी सांगा."

"नाटकाला. स्पर्धा हाय आमची. नेपथ्य मी करतो. दुसऱ्या अंकात नायिका रागारागानं जिना उतरती. तिनं ह्या दांड्यावर हात ठिवला की शेवटच्या रांगेतल्या माणसाला बी कळलं पाहिजे, घर मोठ्या माणसाचं हाय."

"आणि जिना वर कुठं जातो?"

तो जरा ओशाळला. "कुठंच न्हाय. वर एक फळी हाय. तिच्यावर ती बिचारी प्रवेश येईपर्यंत अंग चोरून उभी राहती."

मला हसू आलं. हसायचं नव्हतं... पण आलं. आणि हसता हसता मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं.

माझे अप्पा म्हणजे भरमाप्पा शेट, गुळाचे जुने व्यापारी. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, राशीत त्यांचा जन्म गेला. उन्हाळ्याच्या तोंडाला ते आमच्याच घराच्या पायऱ्यांवरून पडले. पायऱ्या जुन्या, कडा झिजलेल्या, एक उंच तर एक बुटकी, आणि धरायला काहीच नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. अप्पा घरात काठी घेऊन चालतात. पण उंबऱ्यापाशी आले की थांबतात. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर चढवलं होतं. सगळी गल्ली बघत होती. आत आल्यावर अप्पा मला एवढंच म्हणाले, "शांभव्वा, परत मला असं गुळाच्या रव्यागत उचलायचं न्हाय. जाईन तर माझ्या पायानं जाईन."

आणि तेव्हापासून ते बाहेर पडलेच नव्हते.

"दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे असतात," मी म्हणाले. "अप्पांनी एक बी पाडवा चुकवलेला न्हाय. औंदा म्हणतात, तू जा... पेढी तूच बघतीस न्हवं आता."  मी दांडा आणखी घट्ट धरला. "पाडव्याआधी मला पायऱ्या करायच्यात. ह्या कठड्यासकट."

त्यानं त्याच्या हातातलं टोक हळूच खाली ठेवलं... झोपलेलं मूल ठेवावं तसं.

"न्या तुमी. नाटकाला मी पुठ्ठ्याचा करीन. तुमच्या अप्पांना पुठ्ठ्याचा चालायचा न्हाय."

मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "न्यायचा कशावर?"

मी माझ्या स्कूटीकडं बघितलं. त्यानं स्कूटीकडं बघितलं. मग दोघांनी त्या लांबलचक कठड्याकडं बघितलं.

"थांबा," तो म्हणाला, "आमच्या नाटकवाल्यांचा छोटा हत्ती आणलाय मी."

असा कृष्णात आमच्या दारात आला. टेंपोतून, कठड्यासकट.

*

शाहूपुरीतल्या आमच्या घरासमोर तेव्हा नुसता राडा होता. जुन्या पायऱ्या मी घण घालून फोडल्या होत्या. विटा रचल्या होत्या, वाळू पडली होती, फळ्यांचे साचे ठोकून ठेवले होते. घरात जायला-यायला मागचं दार; तिथल्या पायऱ्या तर आणखीच उंच.

"गवंडी कोण हाय?" कठडा भिंतीला टेकवत त्यानं विचारलं.

"मी."

त्यानं वळून बघितलं.

"पिराजी गवंडी दसऱ्याच्या आधीपासून 'उद्या येतो' म्हणतोय," मी म्हणाले. "त्याचा उद्या काय उजाडंना. मग म्हटलं, बघू तर खरं... फोनवर बघत बघत शिकलो."

मला वाटलं, आता हा हसणार. सगळेच हसले होते. समोरच्या आक्का तर रोज गॅलरीतून हसत होत्या. पण तो खाली वाकला, एक डोळा मिटून फळ्यांच्या रांगेकडं बघितलं, बोटानं एक खिळा दाबून पाहिला आणि म्हणाला, "फळ्या तुमी ठोकल्या?"

"व्हय."

"एका ओळीत हायत. जराबी हललेल्या न्हायत." मग सावकाश, जणू कुणी ऐकू नये असं, "लई भारी काम हाय."

माझ्या डोळ्यांचं कौतुक झालं होतं. केसांचंही. पण माझ्या फळ्यांचं कौतुक करणारा हा जगातला पहिलाच माणूस...  मी उगाच वाळूत पाय घोळवत राहिले.

"पण पायऱ्या इतक्या बुटक्या का?"

"अप्पांच्या मापाच्या हायत. त्यांचा पाय दुखल्याशिवाय जेवढा उचलतो, तेवढीच उंची. मी त्यांच्या पायापुढं जेवणाचे पाट एकावर एक ठिवून बघितलं. त्यांना म्हटलं, पाट धुवून वाळत घातलेत, जरा ओलांडून जावा."

तो उकिडवा बसला. वीत लावून एका साच्याची उंची मोजली.

"मी इतकी वर्षं जिने करतोय," मग म्हणाला, "पण उतरणाऱ्या बाईचा पाय किती उचलतो, हे कधी बघितलंच न्हाय... उद्या येऊ का? दूध संघाच्या लॅबमध्ये असतो मी. चारला सुटतो."

"कशाला?"

"शिकायला," तो म्हणाला. आणि ते त्यानं इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हटलं की 'नको' म्हणायला जागाच ठेवली नाही.

*

मग तो रोज यायला लागला.

मी पेढीवरून यायचे, केस वर बांधायचे, अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, जुनी साडी फाडून केलेला रुमाल डोक्याला गुंडाळायचे... तोवर फाटकाची कडी वाजायचीच. तो वाळू चाळायचा, मी सिमेंट मिसळायचे. तो पाणी ओतायचा, मी फावडं मारायचे. राधानगरीकडच्या गावचा तो. घरी भाताची शेती, थोडा ऊस, गोठ्यात म्हशी. धरणाच्या अलीकडं पाऊस सुरू झाला की आईची हाक गोठ्यापर्यंत पोचत नाही, असं तो सांगायचा. म्हणून त्यांच्या घरातली सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात.

"तुमी तर हळू बोलता," मी म्हणाले.

"इथं पाऊस कमी हाय," तो म्हणाला. मग एक घमेलं उचलता उचलता, "आणि तुमच्यासमोर मोठ्यानं बोलायला धीर हुईत न्हाय."

मी फावडं जरा जोरातच मारलं. सिमेंट त्याच्या पँटवर उडालं. "माफ करा हं," मी म्हणाले. माझ्या आवाजात माफी अजिबात नव्हती.

अव्वा शेंगाची पोळी आणि तुपाची वाटी खिडकीतून पुढं करायची. अप्पा आत खुर्चीवर बसून असायचे. पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "पावणं, दूध तपासता तसं सिमेंट बी तपासून बघा. पाणी जास्त झालंय."

कृष्णातनं घमेल्यात बघितलं. खरंच जास्त झालं होतं.

"व्हय, शेट!" तो आत ओरडला. मग मला हळूच, "आत बसून कसं कळलं?"

"आवाजावरनं," मी म्हणाले. "काकवी आटली का न्हाय, हे त्यांना गुऱ्हाळाच्या बाहेर उभं राहून कळतं."

त्यानं आतल्या खुर्चीच्या दिशेनं बघितलं, आणि त्या बघण्यात इतका आदर होता की मला अप्पांचा नव्यानं अभिमान वाटला. महिनोन्‌महिने आम्ही सगळे त्यांच्याकडं काळजीनं बघत होतो. आदरानं कुणी बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

सगळ्यात वरची पायरी ओतली त्या दिवशी दुपारपासून उकडत होतं. माल फळ्यांत भरून झाला, मी थापीनं वरचा थर सारखा केला, आणि पाठ सरळ करते न करते तोच पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. त्याला ना वेळ ना काळ.

"ताडपत्री!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

मी धावत जाऊन ताडपत्री आणली. वाऱ्यानं ती हातातून ओढून नेली. एक टोक माझ्याकडं, एक टोक त्याच्याकडं, आणि मधे ती निळी ताडपत्री शिडासारखी फुगलेली... पहिले टपोरे थेंब पडले. ओल्या पायरीवर एकेक खळगा उमटायला लागला. माझं काळीज तुटलं.

"अरे, धर की!" मी किंचाळले. "खाली घे! खाली!"

त्यानं दोन्ही हातांनी ताडपत्री खाली ओढली, वर वीट ठेवली, दुसरी ठेवली. पण वरचं टोक उडतच होतं. तिथं वीट राहात नव्हती. शेवटी तो एका कडेला उभा राहिला, मी दुसऱ्या कडेला, आणि आम्ही ती हातांनीच ताणून धरली. खाली पायरी कोरडी. वर आम्ही दोघं नखशिखांत भिजलेले.

पाऊस थांबेना. हात भरून आले. पापण्यांवरून पाणी ओघळत होतं. त्यातून मी त्याच्याकडं बघितलं तर तो माझ्याकडंच बघत होता.

"काय?"

"आता 'अरे' झालं," तो म्हणाला.

"वाऱ्यात 'अहो' म्हणायला वेळ कुठाय?"

"वारा थांबल्यावर?"

मी ताडपत्री आणखी ताणली. गालावर सिमेंटचा एक ठिपका वाळला होता, तो पावसानं विरघळून खाली ओघळताना मला जाणवत होता... आणि तोही त्या ठिपक्याकडंच बघत होता. त्याचे हात अडकलेले. माझेही. ताडपत्रीच्या त्या रुंदीएवढं अंतर. ना कमी करता येत होतं, ना वाढवता.

"अगं ए, डावीकडनं पाणी शिरतंय!"

मी दचकून वळले. दारात अप्पा उभे होते. काठी टेकून, उंबऱ्याला चिकटून, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत. खुर्चीतून स्वतःहून उठून आले होते.

"डावीकडचं टोक वर घ्या, पावणं! ढाळ द्या, ढाळ! पाणी तुंबलं की फाटंल!"

कृष्णातनं टोक वर घेतलं. तुंबलेलं पाणी भसकन बाजूला गेलं. "असं, शेट?"

"अस्सं!" अप्पा म्हणाले. पाऊस ओसरेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. त्यांचा तो सौद्यातला खणखणीत आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. पाऊस होता म्हणून बरं... डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं नाही.

*

पायऱ्या मुरायला टाकल्या. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारायचं. मग कठडा बसवायचा दिवस आला.

तो कृष्णातनं एकट्यानंच बसवला. मी पेढीवर अडकले होते. परतले तेव्हा संध्याकाळचं तिरपं ऊन त्या सागवानी दांड्यावर पडलं होतं आणि तो लांब उभा राहून, मान तिरकी करून, स्वतःच्या कामाकडं बघत होता. दिसत होताच तसा. आक्कासुद्धा गॅलरीतून म्हणाल्या, "शांभवी, बंगला दिसाय लागला गं तुमचा!"

मी वर चढले. दांडा धरला. सगळा भार त्याच्यावर टाकला.

हलला.

जरासाच. पण हलला.

"हलतंय," मी म्हणाले.

"थोडंसं." तो हसला. "रंग बसला की कळणार बी न्हाय."

माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. "हे नाटक न्हाय!" मी म्हणाले. "तुझ्या पायऱ्या पडदा पडस्तोवर टिकल्या की झालं. इथं माझे अप्पा भार टाकणार हायत. परत पडले तर पुन्हा उठायचे न्हाईत ते... कळतंय काय?"

समोरच्या गॅलरीतून आक्का वाकून बघायला लागल्या. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मला वाटलं, संपलं. हा आता हात झटकून, फाटक उघडून निघून जाणार. रोज स्वतःचं काम टाकून, तालमीला उशीर करून येणारा माणूस... त्याला मी सगळ्या गल्लीसमोर बोलले होते.

तो खाली वाकला. घण उचलला. आणि कठड्याच्या पहिल्या पायावर घातला.

"काय करालायस?"

"फोडालोय." दुसरा घाव. "खड्डा उथळ घेतलाय मी. सवय तशी हाय. पुढनं चांगलं दिसलं की झालं, असं करत आलो." तिसरा घाव. "तू बरोबर बोललीस."

ना राग, ना आवाजात कडवटपणा. दिवसभर खपून उभं केलेलं स्वतःचं काम तो स्वतःच्या हातानं मोकळं करत होता. कपाळावरचा घाम दंडाला पुसत, एकेक गज जपून बाजूला ठेवत. मी माणसं बघितली होती, चूक दाखवली की तोंड फिरवणारी, आवाज चढवणारी, तुला काय कळतंय म्हणणारी. असा माणूस मी बघितला नव्हता.



मी पदर खोचला आणि पहार उचलली. "सर तिकडं. ह्या बाजूचा मी खणतो."

त्यानं गजांच्या पायांना उद्यमनगरातल्या वेल्डरकडून आडव्या पट्ट्या जोडून आणल्या. आम्ही खोल खड्डे घेतले, खडी ठासली, काँक्रीट भरलं. ते मुरल्यावर तो स्वतः दांड्याला धरून सगळं अंग झोकून लोंबकळला आणि म्हणाला, "ढकल मला."

"काय?"

"ढकल, म्हणतोय. जोरात."

मी दोन्ही हातांनी त्याला ढकललं. कठडा तसूभर हलला नाही. माझे हात मात्र त्याच्या दंडावर जरा जास्तच वेळ राहिले. ढकलून झाल्यावरही.

*

आता काम उरलं ते फक्त रंगाचं. आणि इथं आमचा दोघांचाही वेग एकदम कमी झाला.

"अजून एक हात मारायला पाहिजे," तो म्हणायचा.

"मला बी तसंच वाटतंय," मी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी परत, "ह्या बाजूला जरा फिकट दिसतंय काय?"

"दिसतंय की... लई फिकट."

काळ्या रंगात काय फिकट दिसणार? पण आम्ही ब्रश घेऊन एकाच गजाच्या दोन बाजूंना बसायचो. ब्रश एकमेकांना लागायचे. बोलणं व्हायचं, थांबायचं. त्याच्या आईचं, माझ्या शिक्षणाचं, त्याच्या नाटकातल्या त्या फळीवर उभ्या राहणाऱ्या बाईचं. एकदा तो म्हणाला, "शांभवी, हे संपलं की..." आणि पुढं काही बोललाच नाही. रंगाच्या डब्यात ब्रश बुडवत बसला.

"संपलं की काय?"

"काय न्हाय... डबा संपत आलाय."

आतून अप्पांचा आवाज आला, "आरं, त्या लोखंडाला श्वास घ्यायला तरी जागा ठिवा! किती थापाल?"

आम्ही दोघंही खाली मान घालून ब्रश चालवायला लागलो. अव्वा तोंडाला पदर लावून आत गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अप्पांनी त्याला दारातूनच सांगितलं, "पावणं, उद्या सकाळी या. केलंय तुमी, तर बघायला तरी या." एवढंच. उतरणार का, नाही का, काही सांगितलं नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

*

पाडव्याच्या सकाळी थंडी पडली होती. अव्वानं दारापुढं रांगोळी घातली होती, गल्लीत फटाक्यांचा वास होता. पेढीवरचा आकाराम गाडी घेऊन फाटकाबाहेर उभा होता. औंदा येऊ नको म्हटलं होतं, तरी दर पाडव्यासारखा तो आलाच होता. कृष्णात पांढरा सदरा घालून आला होता. केसांत भुसा नव्हता. मला तो क्षणभर ओळखूच आला नाही.

आणि अप्पा बाहेर आले. स्वच्छ धोतर, काळा कोट, कपाळावर विभूती. उंबऱ्यात थांबले.



अप्पांनी काठी डाव्या हातात घेतली. उजव्या हातानं दांडा धरला. मूठ वळली, बोटं अंगठ्याला टेकली. पाय उचलला... ठेवला. दुसरा आणला. पुढची पायरी. पाय उचलला... ठेवला.

मधल्या पायरीवर ते थांबले. दांड्यावरची मूठ पांढरी पडली. गुडघा थरथरताना मला दिसला. तिथंच ते पडले होते, उन्हाळ्यात. मी पुढं झाले, आणि खाली उभ्या असलेल्या कृष्णातनं फक्त मान हलवली. नको. त्यानं स्वतःचेही हात मागं बांधून घेतले होते. तो अप्पांच्या पायांकडं नाही, त्यांच्या डोळ्यांकडं बघत होता, शांतपणे. कितीही वेळ थांबायची तयारी असल्यासारखा.

अप्पांनी भार दांड्यावर टाकला. कठडा हलला नाही.

पुढचा पाय उचलला गेला. मग पुढचा. आणि मग चप्पल जमिनीवर वाजली.

अव्वा रडत होती. आकाराम उगाचच गाडीची काच पुसत होता. अप्पांनी वळून पायऱ्यांकडं खालून वर बघितलं, बराच वेळ. माझ्या डोक्यावर हात ठेवला.  मग घसा खाकरून कृष्णातकडं वळले, आणि आवाज एकदम सौद्यातला.

"पावणं, काम तर संपलं. आता उद्यापास्नं कशाला येणार?"

कृष्णातनं माझ्याकडं बघितलं. मग अप्पांकडं. 

"शांभवीला भेटाय."

आक्कांच्या गॅलरीतला केर काढण्याचा आवाज थांबला.

"आमच्यात मटण शिजत न्हाय. ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय, शेट. बाहेर खाईन."

"तुझ्या घरात ठाऊक हाय?"

"आईला सांगितलंय. ती म्हटली, पोरगी सिमेंट कालवती, मग म्हशीला घाबरायची न्हाय."

अप्पांच्या मिशीचं एक टोक हललं. "आणि हिला इचारलंयस काय?"

"न्हाय अजून... धीर होईना."

"मग मला काय सांगतोयस?" अप्पा गाडीकडं चालायला लागले. काठी टेकत, सावकाश, पण स्वतःच्या पायानं. "मी चाललोय सौद्याला. तिला इचार. मग या दोघं."

गाडी गेली. अव्वाला अचानक आत काहीतरी करपल्याचं आठवलं. पायऱ्यांपाशी आम्ही दोघंच उरलो.

"इचार की," मी म्हणाले.

"थांब जरा... जुळवालोय."

"नाटकातलं नगं हं."

"न्हाय, नाटकातलं न्हाय." त्यानं खिशात हात घातले, परत काढले. "शांभवी, मला बोलता येत न्हाय नीट. पण तू ज्या माणसावर जीव लावतीस, त्याच्या पायाखालची जमीन तू सोताच्या हातानं करतीस. हे मी रोज बघितलंय. मला... मला त्या माणसांत घेशील?"

मी उत्तर देणार होते. छान काहीतरी, हसरं, त्याला जरा छळणारं. पण नुसतं "व्हय" एवढंच बाहेर पडलं. तेही इतक्या मोठ्यानं की वरून आक्का म्हणाल्या, "काय गं, काय झालं?"

"काय न्हाय, आक्का!" मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला. खडबडीत, गरम हात. "चल. सौदा सुरू होईल."

*

मार्केट यार्डात नव्या गुळाचा वास भरून राहिला होता. पिवळेधमक रवे ओळीनं मांडलेले, त्यांच्याभोवती माणसांची ही गर्दी. आणि त्या गर्दीच्या मधोमध अप्पा उभे होते. लोक त्यांना नमस्कार करत होते, कुणी मिठी मारत होतं, आणि ते मात्र बोली पुकारण्यात गुंग. आवाज पार टोकापर्यंत पोचत होता. मी स्कूटी लावली तिथूनच तो ऐकू आला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. कृष्णात माझ्या शेजारी थांबला. 

"बघ," तो एवढंच म्हणाला. "हे तू केलंस."

"आपण," मी म्हणाले.

सौदा ठरला. अप्पांनी वळून आम्हाला बघितलं. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या. मी काय उत्तर दिलं, ते त्यांनी विचारलंच नाही. ते समोरच्या रव्यापाशी वाकले, नव्या गुळाचा एक खडा फोडला, तळहातावर घेऊन त्याचे दोन तुकडे केले आणि हात आमच्यापुढं धरला.

"शांभव्वा," ते म्हणाले, "आधी त्याला दे."